‘डेड’ लॅपटॉप: चिप-लेव्हल दुरुस्ती, बोर्ड बदल की नवाच घ्यायचा?

‘लॅपटॉप चालू होत नाही’ ही तक्रार चार वेगवेगळ्या बिघाडांना लागू पडते. बटण दाबून दिवा, पंखा, आवाज काहीच नसेल तर दुरुस्ती करणारे त्याला ‘डेड’ म्हणतात. पंखा फिरतो, कीबोर्ड उजळतो आणि पडदा काळाच राहतो, तो ‘नो डिस्प्ले’. दोन-तीन सेकंद धुगधुगी दाखवून बंद पडणारा तिसरा. कंपनीचं चिन्ह दाखवून पुढे अडकणारा चौथा; पण हा मुळात चालू होतोच आहे. त्याचा बिघाड विंडोजमध्ये किंवा एसएसडीमध्ये, म्हणजे फायली साठवणाऱ्या भागात, असतो आणि त्यासाठी कोणी मदरबोर्डचा खर्च सांगत असेल तर लॅपटॉप परत घेऊन यावा.

उरलेल्या तिघांसाठी तीन वाटा आहेत: बोर्डावरचा नेमका सुटा भाग बदलणं, म्हणजे चिप-लेव्हल; अख्खा बोर्ड बदलणं; किंवा त्या मशीनला रामराम ठोकणं. कोणती वाट कधी परवडते हे खाली आहेच, पण त्याआधी तासभर घरी पडताळणी केलेली बरी, कारण बोर्डाला हात न लावता सुटणारे बिघाड याच तासात सापडतात.

आधी वीज आत जाते का ते बघा

गोल पिनेचा अ‍ॅडाप्टर असेल तर मल्टीमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून मोजा. २० व्होल्टच्या रेंजवर ठेवलात तर २० व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मीटरच्या पट्टीबाहेर जाऊ शकतो आणि चांगला असून खराब वाटतो. लेबलवर १९.५ लिहिलं असेल तर आकडा त्याच्या अर्ध्या व्होल्टच्या आतबाहेर हवा. तरीही हे अर्धंच प्रमाण झालं. आतून तुटत आलेली वायर मोकळी असताना पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि भार पडला की बसते. त्यामुळे शक्य असेल तर त्याच व्होल्टेजचा, त्याच पिनेचा आणि निदान तेवढ्याच वॉटचा दुसरा अ‍ॅडाप्टर लावून बघणं हीच खरी परीक्षा.

एक खूण मात्र मीटरशिवाय कळते. अ‍ॅडाप्टरवर दिवा असेल आणि पिन लॅपटॉपमध्ये घालताक्षणी तो विझत असेल, तर जॅकमध्ये किंवा बोर्डावर शॉर्ट आहे आणि अ‍ॅडाप्टर स्वतःला वाचवतो आहे. पुन्हा पुन्हा लावून बघण्यात अर्थ नाही. ही खूण लक्षात ठेवा, पुढे निर्णयात ती कामाला येते.

टाइप-सी चार्जरच्या टोकाला मीटर लावून काही हाती लागत नाही. लॅपटॉप आणि चार्जर यांची आधी बोलणी होतात आणि मग ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट मिळतात. मोबाइलचा १८-२० वॉटचा चार्जर बरेच लॅपटॉप सरळ नाकारतात. केबलही बघा: साधी केबल ३ अँपियरपर्यंतच नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट, त्याहून जास्त हवं तर ५ अँपियरची, आत ओळखीची चिप असलेली केबल लागते. दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन्हीत लावून बघा. एकात चालला तर बोर्ड जिवंत आहे, बिघाड त्या पोर्टपुरता किंवा त्याच्या चिपपुरता.

मग येतो रिसेट. अ‍ॅडाप्टर काढा, लावलेलं सगळं काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि बटण ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी आत बंदिस्त असेल तर तळाला टाचणीएवढं भोक शोधा. लेनोवोच्या अनेक थिंकपॅडना आणि एसरच्या अनेक मॉडेलना ते असतं. नसल्यास तळाचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवावा लागतो. यानं कीबोर्ड, चार्जिंग आणि बटण सांभाळणारी छोटी चिप, म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर, नव्यानं सुरू होते. ती अडकली की लॅपटॉप हुबेहूब मेल्यासारखा वागतो. एम-मालिकेच्या मॅकबुकला बटण १० सेकंद धरून, सोडून, पुन्हा दाबायचं. टी२ चिपच्या, म्हणजे एम-मालिकेआधीच्या काही इंटेल, मॅकबुकला डावा कंट्रोल, डावा ऑप्शन आणि उजवा शिफ्ट ७ सेकंद, मग ते न सोडता बटणासह आणखी ७ सेकंद.

महिनोन्‌महिने पडून असलेला लॅपटॉप पाऊण-एक तास चार्जिंगला ठेवल्याशिवाय मेला म्हणू नका. तळाला गेलेल्या लिथियम सेलना चार्जिंगचं सर्किट सुरुवातीला मुद्दाम बारीक प्रवाह देतं. फक्त टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा तळ सपाट बसत नसेल तर चार्जर लावूच नका. ती बॅटरी फुगली आहे. तिला टोचू नये, दाबू नये.

पंखा फिरतो, पडदा काळा

कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे का? असेल तर मशीन बहुधा आतून चालू आहे, फक्त दाखवत नाही. अंधारात पडद्यावर तिरपा टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट किंवा तिची केबल गेली. बाहेरचा मॉनिटर लावून चित्र आलं तरी पडदा आणि केबल इकडेच बोट दाखवा. डेलमध्ये ‘डी’ दाबून धरून पॉवर दाबली की पडदा स्वतःच रंग दाखवतो. ते दिसले तर पडदा चांगला.

कॅप्स लॉक प्रतिसाद देत नसेल तर पहिला संशय रॅमवर. बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवा, मग रॅम काढा, सोनेरी टोकं खोडरबरानं पुसा, कचरा झटका आणि एकच पट्टी एका स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंच्या क्लिपा खट्‌कन बसेपर्यंत लावा. मग दुसरा स्लॉट, मग दुसरी पट्टी. डीडीआर५ असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. लोक अर्ध्या मिनिटात घाबरून बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

दिव्यांची उघडझाप मोजायला विसरू नका. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये दोन पिवळे-तीन पांढरे म्हणजे रॅम सापडली नाही, दोन-सात म्हणजे पडदा, दोन-एक म्हणजे प्रोसेसर. हा शेवटचा कोड आला तर खालची तुलना तुमच्यासाठी जवळपास संपलीच.

बायोस, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी धावणारा प्रोग्रॅम, अपडेट होत असताना वीज गेली आणि तेव्हापासून काळोख आहे, असं असेल तर दुकान गाठण्याआधी बायोस परत आणण्याची सोय वापरून बघा. एचपीमध्ये विंडोज आणि ‘बी’ धरून पॉवर २-३ सेकंद दाबायची. डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप धरून अ‍ॅडाप्टर जोडायचा. सगळ्या मॉडेलना ही सोय नसते.

आता तीन वाटा

| | चिप-लेव्हल | बोर्ड बदल | नवा किंवा वापरलेला दुसरा |
|---|---|---|---|
| कधी योग्य | डीसी जॅक, इनपुटचा शॉर्ट, बायोस, चार्जिंगची चिप | प्रोसेसर गेला. गंज सर्वत्र | बोर्डाची किंमत मशीनला झेपत नाही |
| सोल्डर केलेल्या एसएसडीतला डेटा | वाचण्याची एकमेव आशा | जातो | जातो |
| एसएसडी सुटी असेल तर | सुरक्षित | सुरक्षित, पण कूटबद्धतेची (डेटाला लागलेल्या कुलपाची) किल्ली हवी | सुरक्षित, किल्ली हवी |
| मोठा धोका | कारागिराचा हात | बोर्डाचा पूर्वेतिहास | उगाच घाई |

चिप-लेव्हल. जॅकमधून आलेली वीज दोन मॉस्फेटमधून, म्हणजे विजेच्या चिमुकल्या स्विचांमधून, बोर्डाच्या मुख्य वाहिनीत येते, तिथून ३.३ आणि ५ व्होल्ट तयार होतात, त्यांवर एम्बेडेड कंट्रोलर जागा राहतो आणि बटण दाबलं की तो बाकीच्या वाहिन्या ठरल्या क्रमानं उघडतो. चांगला कारागीर ही साखळी कुठे तुटली ते शोधतो. तो बोर्डाला बेंच सप्लाय, म्हणजे व्होल्टेज ठरवून देता येणारा टेबलावरचा वीजपुरवठा, लावून प्रवाह बघतो: शून्य म्हणजे वीज दारातच अडली, एकदम उसळला म्हणजे शॉर्ट. शॉर्ट बहुतेक वेळा तिळाएवढ्या सिरॅमिक कपॅसिटरचा निघतो. सुमारे एक व्होल्ट देऊन बोर्डावर अल्कोहोल लावलं की ते जिथे आधी उडतं तो भाग दोषी. तो काढला की काम झालं. अ‍ॅडाप्टरचा दिवा विझण्याची जी खूण वर सांगितली, तिच्यासाठी ही वाट बोर्ड बदलण्यापेक्षा उजवी. फक्त एक प्रश्न विचारा: शॉर्ट कोणत्या वाहिनीवर आहे? प्रोसेसरच्या वाहिनीवरचा वरचा मॉस्फेट फुटला असेल, तर एक व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या प्रोसेसरला थेट १९ व्होल्ट मिळालेले असतात. मॉस्फेट बदलून तो परत येत नाही.

बायोसबाबतही विचारायला हवं. आठ पायांची ती चिप काढून कुठूनतरी उतरवलेली फाइल त्यात ओतली की लॅपटॉप चालू होतो खरा, पण सिरियल नंबर, विंडोजचा परवाना आणि इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनची मांडणी पुसली जाते. मग अर्ध्या तासाला आपोआप बंद होणं, पंखा सतत धावणं असले विकार मागे लागतात. बरोबर पद्धत म्हणजे आधी जुन्या चिपमधला मजकूर जपून ठेवणं आणि नव्या फाइलमध्ये ओळखीचा भाग परत बसवणं. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ दिले तर त्या जळू शकतात.

‘ग्राफिक्स चिपला हीट मारून देतो’ किंवा ‘रिबॉल करतो’ हे वाक्य ऐकलं तर थांबा. एनव्हिडियानं २००८ मध्ये लॅपटॉपच्या काही ग्राफिक्स चिपांच्या सदोष पॅकेजिंगसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. असा दोष चिपच्या पोटात, सिलिकॉन आणि तिची बैठक यांच्यामधल्या जोडांत असतो. खालचे सोल्डरचे गोळे बदलून तो जात नाही. तापवल्यावर काही आठवडे चालतो आणि वॉरंटी संपता संपता पुन्हा काळोख. अशा वेळी नवी चिप नाहीतर नवा बोर्ड, मधला मार्ग नाही.

बोर्ड बदल. इथे मॉडेलचं नाव पुरेसं नसतं. एकाच नावाखाली तीन प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्सचे बोर्ड विकले जातात. जुन्या बोर्डावर छापलेला क्रमांक जुळला पाहिजे. ‘रिफर्बिश्ड’ बोर्ड म्हणजे दुसऱ्या मशीनमधून काढलेला. तो कोणत्या कारणानं निघाला हे विचारा, बायोसला पासवर्ड नाही याची खात्री करा आणि पोर्टांच्या आसपास हिरवट-पांढरी पूड दिसली तर परत करा. ती पाणी शिरल्याची निशाणी. द्रव सांडलेल्या लॅपटॉपमध्ये मात्र, गंज मोठ्या चिपांच्या पोटाखाली गेला असेल तर चांगल्या अवस्थेतला बोर्डच शहाणपणाचा. चिप-लेव्हलनं उठवलेलं असं मशीन दुसऱ्याच जागी पुन्हा पडतं. (तांदळात ठेवून गंज थांबत नाही. बॅटरी लगेच सोडवणं आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड धुणं याला अर्थ आहे.)

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती डेटात. बोर्ड बदलला की टीपीएम, म्हणजे किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप, बदलतं आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाला लागणारं कुलूप, ४८ अंकी किल्ली मागतो. ‘मी तर कधी बिटलॉकर लावलंच नाही’ हे उत्तर चालत नाही: २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ नव्यानं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की कूटबद्धता बहुतेक मशीनवर आपोआप सुरू होते. किल्ली त्याच खात्यात असते. मशीन दुकानात देण्याआधी मोबाइलवरून खातं उघडून ती बघून ठेवा. टी२ आणि एम-मालिकेच्या मॅकबुकमध्ये साठवण त्याच बोर्डाच्या चिपशी बांधलेली असते. बॅकअप नसेल आणि फोटो हवे असतील, तर तोच बोर्ड जिवंत करणं, भले तासाभरापुरता का होईना, एवढीच वाट उरते. तेव्हा आधी डेटा काढून घ्यायला सांगा, मग पुढचं ठरवा.

निरोप. खर्चाची तुलना नव्या लॅपटॉपच्या किमतीशी करणं ही नेहमीची चूक. आपल्याच मशीनच्या ताकदीचा, वापरलेला पण चालू लॅपटॉप कितीला मिळतो ते बघा. दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर करावी, त्यापुढे हात आखडावा. दुसरी रेघ वयाची: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर स्वीकारत नाही. अशा मशीनला जॅक किंवा रॅम जरूर घाला, लिनक्सवर ते चालेलही. बोर्ड घालू नका.

सोडून द्यायचं ठरलं तरी एसएसडी काढून घ्या. एम.२ च्या पट्टीला बाहेरची पेटी घेताना खाचा बघा: दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. पेटी चुकीच्या जातीची घेतली की चांगली एसएसडीही मेल्यासारखी वाटते. दुरुस्तीला देणार असाल तर मात्र सुटी एसएसडी घरीच ठेवून मशीन द्या. बोर्ड चालू झाला की नाही हे बायोसच्या पडद्यावरून कळतं, त्यासाठी कोणाला तुमच्या फायली लागत नाहीत. काढलेला भाग परत मागा, मग तो तिळाएवढा कपॅसिटर असला तरी.