ऑटोरन्स: कीलॉगर हुडकायला फुकटातलं टूल, पण डोकं आपलंच लावायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं डीटीपीचं दुकान हाय, पत्रिका, बिलबुकं, डिजिटल बोर्डाची डिझाइनं, आणि ज्या कॉम्प्युटरवर हे सगळं चालतं त्यावरच जीएसटीचं पोर्टल आणि नेटबँकिंग पण. दिवसभर गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येणार आणि ‘जरा मेल उघडतो की’ म्हणून खुर्चीवर बसणार, नाही कसं म्हणायचं. त्यामुळं टाइप केलेला पासवर्ड कोण गुपचूप लिहून घेत नाही ना (असल्या चोराला कीलॉगर म्हणतात), हे तपासायला काहीतरी पाहिजेच होतं.

आधी एक पैशाचं अँटी-कीलॉगर ट्रायलवर लावलं, नाव घेत नाही. त्यानं पहिला चोर कोण धरला तर आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर! आता दाबलेली की मधल्यामधी पकडून तिचं देवनागरी अक्षर करायचं हेच त्या बिचाऱ्याचं काम, आणि कीलॉगर पण की तशीच पकडतो, फक्त फाइलीत साठवून बाहेर पाठवतो. हा फरक त्या टूलला कळंना, दर थोड्या वेळानं लाल खिडकी. काढून टाकलं.

मग ऑटोरन्स घेतलं. विंडोजची टूलं करणाऱ्या सिसइंटर्नल्सचं हाय, २००६ पासून ती मायक्रोसॉफ्टचीच, त्यांच्याच साइटवरून झिप उतरवायची, इन्स्टॉल करायची भानगड नाही, फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. विंडोज सुरू होताना आपोआप काय काय उठतं त्याची सगळी यादी पुढ्यात येते, सर्व्हिस, ड्रायव्हर, शेड्यूल्ड टास्क, सगळं. कीलॉगरला रोज काम करायचं तर रोज उठायला लागणारच, म्हणून तो बहुतेक वेळा इथंच घावतो. यादी बघून सुरुवातीला घाम फुटतो पण ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्री लपवा, फाइलीवरची कंपनीची डिजिटल सही तपासायचं आणि व्हायरसटोटलचं (बऱ्याच अँटीव्हायरसांकडून एकदम तपासून देणारी साइट) टिक करा, मग बघण्यासारखं थोडंच उरतं. गुलाबी ओळ म्हणजे सही किंवा कंपनीचं नाव नाही, पिवळी म्हणजे फाइलच जाग्यावर नाही. गुलाबी दिसली की लगेच उडवू नका, आमचं जुनं फॉन्ट सॉफ्टवेअर पण गुलाबीच निघालं. शंका असंल तर टिक काढा, एन्ट्री बंद होते, डिलीट होत नाही. आणि व्हायरसटोटलला नुसता फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या ठशासारखा आकडा, जातो, ‘सबमिट अननोन इमेजेस’ला मात्र हात लावू नका, नाहीतर अनोळखी फाइलच तिकडं अपलोड व्हायची.

उलट कंपनीचं नाव दिसलं म्हणून निवांत पण बसायचं नाही. २०१७ मध्ये एचपीच्या काही लॅपटॉपात कोनेक्झंट कंपनीच्या ऑडिओ ड्रायव्हरबरोबर आलेला प्रोग्रामच दाबलेली प्रत्येक की पब्लिक फोल्डरमधल्या फाइलीत लिहीत होता, स्वित्झर्लंडच्या मोडझिरो या सिक्युरिटी कंपनीनं ते उघड केलं आणि मग एचपीनं अपडेट दिला. चोरीसाठी केलेलं नव्हतं म्हणे, पण फाइल तर उघडीच पडलेली!

कमी काय ते पण सांगतो. हे टूल ‘हा कीलॉगर’ असं बोट दाखवत नाही, ठरवायचं आपण. क्रोमची एक्स्टेन्शनं यात दिसत नाहीत, ती ब्राउझरमध्ये जाऊन बघा, वेबपेजवर टाइप केलेलं वाचायची परवानगी बऱ्याच जणींना आपणच दिलेली असते. खोल लपलेल्यासाठी विंडोज सिक्युरिटीमधला डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज उठायच्या आत तपासणी होते, पाव तासाचं काम, चहा मारून येईपर्यंत होतंय. आणि कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्यामधी बोटाएवढा तुकडा बसवलेला असंल तर तो कुठल्याच सॉफ्टवेअरला भरवशानं घावत नाही, टेबलाखाली वाकून मागचं यूएसबी बघायचं, दुसरा इलाज नाही. हे तर फुकट आणि बिनाइंटरनेटचं काम.

मला ऑटोरन्समधलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे कंपेअर. कॉम्प्युटर स्वच्छ असताना यादी सेव्ह करून पेन ड्राइव्हवर ठेवा, नंतर कधी शंका आली की तिच्याशी ताडून बघा, नवीन घुसलेलं हिरव्या रंगात दिसतं. सगळी यादी परत वाचत बसायला नको. आमच्याकडं हिरवं दिसलं ते नव्या प्रिंटरचं निघालं, पण ते कळायला मिनिटभर पण लागलं नाही.