कम्युनिटी ॲप चांगलंय, पण ॲडमिन व्हायच्या आधी हे वाचा (२ स्टार)

ॲपचं नाव घेत नाही, वापरणाऱ्यांना कळेलच. नुसतं मेंबर म्हणून विचाराल तर ४ स्टार, भाड्याची खोली, सेकंडहँड गाडी, आज पाणी कुठल्या भागात सुटणार, सगळं पटकन मिळतं. पण मी सोलापूरच्या एका ग्रुपचा तीन वर्षं ॲडमिन आहे, म्हणून २.

गड्ड्याच्या (आमची सिद्धेश्वर यात्रा) वेळचंच सांगतो. होम मैदानावरनं रात्री साडेअकराला घरी आलो, बघतो तर मोबाईलवर ३७ रिपोर्ट. होटगी रोडला टू बीएचके, भाडं निम्मं, "मी आर्मीत आहे, टोकन आधी पाठवा" म्हणणारा एकच माणूस सहा नावांनी. फोटो नीट बघितला तर खिडकीबाहेर समुद्र, सोलापुरात कुठला आलाय बे समुद्र! दीड वाजेपर्यंत एकेक पोस्ट उडवत बसलो (एकदम सिलेक्ट करायची सोय नाही, प्रत्येकाला तीनदा दाबायचं) आणि दर चार पोस्टनंतर जाहिरात, तिचे पैसे कंपनीला. बायको म्हणाली, "काय करालाव हो एवढ्या रात्री? पगार देतंय का कोण?" सपोर्टला लिहिलं तर बॉट म्हणतो योगदानाबद्दल आभार.

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. हजाराला भाव ठरलेलाय, छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) जास्त काढली की कारखान्यात जाऊन भांडतात. म्हणजे त्यांचं निदान मोजतंय तरी कोणतरी.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या व्हॉलंटियरनी १९९९ ला केस टाकली, ती २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटली. रेडिट या चर्चेच्या साइटनं २०२३ ला एपीआयचे (बाहेरची ॲप रेडिटला जोडायची सोय) दर लावले, मॉड लोक (तिथले बिनपगारी ॲडमिन) वापरायचे ती बाहेरची ॲप बंद पडायला लागली म्हणून जूनमध्ये त्यांनी हजारो सबरेडिट (तिथले ग्रुप) बंद ठेवले, तर कंपनी म्हणे उघडा नाहीतर तुमच्या जागी दुसरे बसवू. मग मार्च २०२४ ला रेडिटचा शेअर ३४ डॉलरनं बाजारात आला, आणि मॉड लोकांना काय मिळालं, तर काही जणांना त्याच भावानं शेअर विकत घ्यायची संधी! लग्नात पंगत वाढून वाढून थकायचं अन् शेवटी आपलं ताट आपणच विकत घ्यायचं.

मला पगार नको, ते सिलेक्टचं बटण तरी द्या म्हणून दोन वर्षं लिहितोय. परवा अपडेट आला, उत्साहानं उघडला. ॲडमिनचा बॅज हिरवा होता तो निळा केलाय.