सकाळी निबंध, संध्याकाळी प्रयोग : शॉ सोसायटीचा उन्हाळी परिसंवाद

बर्नार्ड शॉ यांचे नाटक वाचणे आणि ते रंगमंचावर पाहणे हे दोन फार वेगळे अनुभव आहेत. छापील पुस्तकात नाटकाच्या आधी लांबलचक प्रस्तावना असते, पडदा उघडल्यावर दिसणाऱ्या खोलीचे वर्णन एखाद्या कादंबरीला शोभेल इतक्या तपशिलाने केलेले असते, आणि पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा स्वभाव, त्याचे उत्पन्न आणि त्याचे पूर्वग्रह वाचकाला सांगून झालेले असतात. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याला ऐकू येतात ते केवळ संवाद. परिणामी शॉ वाचणारे आणि शॉ पाहणारे असे दोन वर्ग तयार झाले आहेत आणि ते सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. इंटरनॅशनल शॉ सोसायटी ही संस्था उन्हाळ्यात कॅनडातील नायगरा-ऑन-द-लेक येथे, शॉ फेस्टिव्हलच्या नाट्यहंगामाच्या सोबतीने, जो परिसंवाद भरवते तो मला मोलाचा वाटतो तो याचसाठी, की तेथे या दोन्ही वर्गांना काही दिवस एकाच खोलीत बसून एकमेकांचे ऐकावे लागते. या परिसंवादाला मी 2017 आणि 2019 अशी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा आधी नीट वाचले आहे असे वाटणारे नाटक परत येऊन पुन्हा वाचायला घेतले.

गाव छोटे आहे आणि नायगरा नदी ऑन्टारिओ सरोवराला जेथे मिळते तेथे वसलेले आहे. शॉ यांचा या गावाशी काहीही संबंध नव्हता. त्यांचा जन्म 1856 साली डब्लिनमध्ये झाला आणि मृत्यू 1950 साली इंग्लंडमधील एयॉट सेंट लॉरेन्स या खेड्यात. 1962 च्या उन्हाळ्यात ब्रायन डोहर्टी या वकिलाने, जो स्वतः नाटककारही होता, गावातल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत शॉ यांच्या दोन कृतींचे मिळून आठ प्रयोग घडवून आणले आणि त्यातून हा महोत्सव उभा राहिला. 1973 साली त्याचे स्वतःचे मोठे नाट्यगृह झाले. शॉ आणि त्यांचे समकालीन यांचीच नाटके करायची, म्हणजे 1856 ते 1950 या काळातले लेखन रंगमंचावर आणायचे, ही महोत्सवाची मूळ भूमिका होती. पुढे ती हळूहळू सैल होत गेली. महोत्सवाचा नटसंच हंगामभर एकत्र राहतो, त्यामुळे दुपारच्या नाटकात नोकर झालेला नट रात्रीच्या नाटकात घरमालक होऊन समोर येतो. परिसंवादाला आलेल्या अभ्यासकासाठी ही फार उपयोगाची गोष्ट आहे, कारण एकाच आवाजाला, एकाच शरीराला दोन लेखकांची भाषा कशी वेगवेगळी वळवते हे एका दिवसात डोळ्यांसमोर घडते.

परिसंवादाचा दिनक्रम साधा आहे. सकाळी निबंधवाचन होते, प्रत्येक निबंधानंतर प्रश्नोत्तरे होतात, आणि दुपारी किंवा संध्याकाळी सगळे नाटकाला जातात. महोत्सवातील कलावंतही चर्चेला येतात, आणि माझ्या मते परिसंवादाचा खरा गाभा तेथे आहे. शॉ आपल्या छापील संवादांत एखाद्या शब्दावर जोर हवा असेल तर तिरपा ठसा वापरत नसत. त्या शब्दाची अक्षरे सुटी सुटी करून छापायला लावत. इंग्रजीतले लोपचिन्हही (अपॉस्ट्रॉफी) त्यांनी बहुतेक ठिकाणी काढून टाकले होते. वाचताना हा एका हट्टी लेखकाचा छंद वाटतो, निदान मला तसाच वाटत आला होता. एका सत्रात ही सुटी अक्षरे म्हणजे नटासाठी लिहिलेली स्वरलिपी आहे असा मुद्दा निघाला आणि समोर बसलेल्या एका नटीने एकच वाक्य दोन प्रकारे म्हणून दाखवले. पहिल्यांदा तिने आपल्या स्वाभाविक समजुतीने जोर दिला, दुसऱ्यांदा छापलेल्या जागी. पहिल्या वेळी ते वाक्य रागाचे होते. दुसऱ्या वेळी बोलणारी स्त्री समोरच्या माणसाला मनातून केव्हाच सोडून गेलेली आहे हे कळले. त्या अर्ध्या मिनिटानंतर खोलीतले बरेच जण आपापली पुस्तके उघडून अक्षरांमधल्या मोकळ्या जागा शोधू लागले होते.

2017 च्या हंगामात महोत्सवाने सिंहाच्या पायातला काटा काढणाऱ्या अँड्रोक्लिसचे नाटक केले होते आणि त्यात सिंहाची भूमिका प्रत्येक प्रयोगात प्रेक्षकांतून पुढे आलेल्या एका व्यक्तीला दिली जात असे. या नाटकाला शॉ यांनी ख्रिस्ती धर्मावर जी प्रस्तावना जोडली आहे ती नाटकापेक्षाही मोठी आहे. सकाळच्या चर्चेत त्या प्रस्तावनेतील युक्तिवाद पायरीपायरीने उलगडला गेला, आणि संध्याकाळी मी पाहिले ते असे, की एक वयस्क गृहस्थ, बहुधा आयुष्यात प्रथमच रंगमंचावर चढलेले, लंगडत आले, त्यांनी आपला पंजा पुढे केला, आणि अँड्रोक्लिस झालेल्या नटाने तो इतक्या हळुवारपणे हातात घेतला की हसणारे प्रेक्षागृह क्षणभर गप्प झाले. अनोळखी जिवाच्या वेदनेला घाबरत घाबरत हात लावणे, ही गोष्ट त्या साऱ्या प्रस्तावनेतून माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती. उलटही खरे आहे : प्रस्तावना ऐकलेली नसती तर तो प्रसंग मी केवळ गंमत म्हणून पाहिला असता.

2019 मध्ये ‘मॅन अँड सुपरमॅन’ संपूर्ण पाहायला मिळाले. या नाटकाचा तिसरा अंक, ज्यात दंतकथेतला प्रसिद्ध स्त्रीलंपट डॉन जुआन नरकात बसून वाद घालतो, बहुतेक वेळा गाळला जातो. 1905 साली लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये नाटक पहिल्यांदा आले तेव्हाही तो गाळलाच होता. तो धरून केलेला हा प्रयोग मधल्या सुट्ट्यांसह सहा तासांच्या घरात गेला. 1962 च्या त्या पहिल्या उन्हाळ्यात जुन्या कोर्टात हाच नरकातला प्रवेश स्वतंत्रपणे सादर झाला होता, हे ठाऊक असणाऱ्यांना त्या दिवशी एक वर्तुळ पुरे होताना दिसले असेल. मला स्वतःला तिसऱ्या अंकाचे स्थान त्या दिवशी पहिल्यांदा पटले, कारण त्यानंतरच्या चौथ्या अंकातली लग्नापुढे नायकाची शरणागती नरकातला वाद ऐकल्याशिवाय केवळ लग्नाच्या विनोदासारखी वाटते.

मराठी माणसाला या परिसंवादात हमखास जवळचा वाटणारा विषय म्हणजे ‘पिग्मॅलियन’चा शेवट. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे हे नाटक आपल्याकडे घरचेच झाले आहे. 1914 साली लंडनमध्ये ते आले तेव्हा उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स याची भूमिका करणारे बीरबोम ट्री पडदा पडता पडता त्याने शुद्ध बोलायला शिकवलेल्या फुलवाल्या एलायझाकडे फुले फेकत आणि दोघांचे जुळणार असे सुचवत. शॉ यांना ते मुळीच मान्य नव्हते. 1916 साली त्यांनी नाटकाला गद्य उपसंहार जोडला आणि एलायझा तिच्यावर प्रेम करणाऱ्या तरुण फ्रेडीशी लग्न करते हे स्पष्ट लिहून टाकले. तरीही 1938 च्या चित्रपटात ती हिगिन्सकडे परतलीच, आणि त्याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर मिळाले. लेखकाने लिहिलेला शेवट आणि प्रेक्षकांना हवा असलेला शेवट यांच्यातल्या या झगड्यावर तेथे कितीही वेळ बोलता येते, चहाच्या सुट्टीतसुद्धा. ‘ती फुलराणी’बद्दल मी सांगितले तेव्हा शेजारच्या दोघांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मराठीत शेवट कोणाच्या बाजूने आहे.

उणिवाही सांगायला हव्यात, आणि त्यातली पहिली मला खरोखर खुपते. महोत्सवाच्या हंगामात शॉ यांच्या नाटकांची संख्या आता फार थोडी असते. कधी दोन, कधी एकच. ज्या परिसंवादाचे बळ सकाळच्या निबंधाला संध्याकाळच्या प्रयोगाची जोड मिळण्यात आहे, त्याची पकड यामुळे ढिली होते आणि काही निबंध रंगमंचापासून तुटून नुसत्या कागदावर राहतात. लोकप्रिय संगीतिकांवर मोठी नाट्यगृहे चालतात हे समजण्यासारखे आहे, पण शॉ यांच्या नावाने चालणाऱ्या ठिकाणी त्यांची निदान दोन नाटके दर हंगामात असावीत असे मी आग्रहाने म्हणेन. दुसरी उणीव भाषांतरांची. शॉ जगभर भाषांतरांतून आणि रूपांतरांतून खेळले गेले आहेत. खुद्द ‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग 1913 साली व्हिएन्नामध्ये जर्मन भाषेत झाला. मी हजर असताना मात्र चर्चा जवळजवळ सर्वस्वी इंग्रजी रंगभूमीभोवती फिरत राहिली. काही अभ्यासक मान खाली घालून लिहिलेले वाचून दाखवतात हा दोष जगातल्या सगळ्याच परिसंवादांत आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

खर्चाचा विचार गांभीर्याने करावा. गाव पर्यटकांचे असल्यामुळे उन्हाळ्यात निवासाचे दर चढे असतात आणि उशीर केल्यास खोली मिळत नाही. एका वर्षी मला शेजारच्या शहरात राहून रोज ये-जा करावी लागली आणि त्यामुळे रात्रीच्या प्रयोगानंतरच्या गप्पा हुकल्या, ज्याची हळहळ अजून आहे. सोसायटी तरुण अभ्यासकांना प्रवासासाठी शिष्यवृत्ती देते. विद्यार्थ्यांनी त्यासाठी जरूर अर्ज करावा. टोरोंटोहून गाडीने साधारण दोन तासांत पोहोचता येते.

सोसायटीने नायगऱ्याबाहेरही परिषदा भरवल्या आहेत. 2012 साली डब्लिनला आणि 2013 साली एयॉट सेंट लॉरेन्सला, जेथे शॉ यांनी 1906 पासून अखेरपर्यंत वास्तव्य केले ते घर आता नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. बागेच्या टोकाला त्यांची लिहिण्याची लाकडी खोपटी आहे, जी उन्हाच्या दिशेने फिरवता येत असे. ज्यांना शॉ यांचे चरित्र जाणून घ्यायचे आहे त्यांनी तेथे जावे. नाटककार जाणून घ्यायचा असेल तर नायगराच निवडावे, हंगाम जाहीर होताच त्यात शॉ यांचे कोणते नाटक आहे ते पाहून तिकिटे काढावीत, आणि ते नाटक प्रस्तावनेसह वाचून, पुस्तक बरोबर घेऊन जावे, कारण सकाळच्या सत्रात पान क्रमांक सांगून बोलतात.