घरौंदा योजना: दिवसा नव्हे, रात्री आठनंतर पाहावं असं घर

अपंग मुलांच्या आई-वडिलांच्या ‘आमच्यानंतर याचं कोण?’ या प्रश्नावर राष्ट्रीय न्यासाने, म्हणजे अशा व्यक्तींसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, काढलेली सोय म्हणजे ‘घरौंदा’ (आता ती ‘समर्थ’ योजनेत जोडून ‘समर्थ-कम-घरौंदा’ झाली आहे). ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या, 18 वर्षांवरच्या व्यक्तीला आयुष्यभर राहता येईल असं गटनिवास. कल्पना अगदी योग्य आहे. गुण कापावे लागतात ते मूळ घरौंदा योजनेतल्या 20 जणांच्या गटासाठी. वीस माणसं एकत्र म्हटली की आंघोळीला रांग लागते आणि जेवण घंटेवर येतं. मग ते वसतिगृह होतं. चार-पाच जणांची खोली आणि तिची ठरलेली मावशी अशी विभागणी केलेली असेल, तरच तिथे घरपण टिकतं.

पाहायला जाताना दिवसाची, कागदी पिशव्या वगैरे बनवण्याची वेळ टाळा, रात्री आठनंतर जा. रात्री तिथे कोण झोपतं हे नको, कोण जागं असतं ते विचारा. अनेकांना फिट येतात आणि गोळीची एक वेळ चुकली तरी फिट येऊ शकते. औषधांची वही मागून घ्या. आठवडाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केल्यासारख्या दिसल्या, तर ती वही गोळ्या देताना भरलेली नाही.

जेवण भरवताना थांबून बघा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाला मागे रेलवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, पाय आधारावर, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच. पातळ आमटीने ठसका लागत असेल तर ती किती घट्ट करायची हे थेरपिस्टने लिहून दिलेलं असावं.

सगळ्यात जास्त बिनसतं ते मावशी बदलल्यावर. एखाद्याने कान ओढला म्हणजे त्याला शौचाला जायचंय, हे नवीला कोणी सांगितलेलंच नसतं. मग कपडे खराब होतात आणि ओरडा त्यालाच बसतो. अशा खुणांचा कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवा.

कागदपत्रं आई-वडील हयात असतानाच करा. अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्व आपोआप राहत नाही. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून घ्यावं लागतं. ‘निरामय’चा 1 लाखाचा आरोग्य विमाही काढून ठेवा. अनामत परत मिळते का, आणि दवाखान्यात भरती केल्यावर सोबत कोण राहणार, हे करारात लिहून घ्या.

आधी दोन दिवस ठेवा, मग पंधरा. घरी आणल्यावर वजन करा, आणि पडून राहिल्याने जखमा झाल्यात का, हे कंबर, टाचांवर नीट तपासा.