पोट कापून झालं, आता फोन लागत नाही

मोफत लठ्ठपणा तपासणी शिबिराचा फ्लेक्स चोपड्यात लागतो, भुसावळात लागतो, शहाद्यात लागतो. मंगल कार्यालयाचा हॉल, वजनकाटा, उंचीची पट्टी, साखर तपासायचं मशीन आणि टेबलामागे दोन कोऑर्डिनेटर. सर्जन मुंबईचा, सुरतचा नाहीतर इंदूरचा. तो दुपारी येतो आणि माणशी चार-पाच मिनिटं देतो. पेशंटला हॉलपर्यंत आणणारा माणूस मात्र ओळखीचा असतो, कधी मेडिकलवाला, कधी विम्याचा एजंट. “काही नही व्हत, चार दिनमा घर,” असं तो सांगतो आणि आपल्या बोलीत सांगितल्यामुळे अर्धं काम तिथेच होऊन जातं. त्याला पेशंटमागे कमिशन असतं. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंट पाठवण्याच्या बदल्यात कमिशन देणं-घेणं डॉक्टरला मना आहे. एजंट डॉक्टर नसतो म्हणून तो निर्धास्त असतो, पण पैसे देणारा डॉक्टरच असतो.

वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची ही शस्त्रक्रिया थोतांड नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. योग्य पेशंट, योग्य सर्जन आणि नंतरची नीट देखभाल असेल तर एकूण वजनाच्या पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त उतरतं, आणि बऱ्याच जणांची मधुमेहाची औषधं कमी होतात. फसवणूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. जन्मभर सांभाळायचा उपचार तीन दिवसांचं पॅकेज म्हणून विकला जातो, आणि ज्या दिवसांत खरी गरज पडते त्या दिवसांत पेशंट गावी आणि सर्जन चारशे किलोमीटरवर असतो.

सुरुवात उंचीच्या पट्टीपासून होते. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमाप्रमाणे मेडिक्लेममध्ये हे ऑपरेशन बसण्यासाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 किंवा जास्त लागतो. 35 किंवा जास्त असेल तर सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा औषधांना दाद न देणारा टाइप-2 मधुमेह असा आजार हवा. आधी आहार-औषधाचे उपाय करून झालेले असावे लागतात, तेही कागदावर. आता 96 किलो वजन आणि 158 सेंटिमीटर उंचीच्या बाईचा बीएमआय 38.5 येतो. उंची 154 लिहिली की तोच 40.5 होतो. चार सेंटिमीटर कोणाच्या लक्षात येत नाहीत, पण आधीच्या कुठल्याही केसपेपरवर खरी उंची सापडली की कंपनी क्लेम नाकारते. तेव्हा पेशंट टेबलावरून उतरलेला असतो आणि बिल त्याच्या नावावर पडतं. याहून वाईट प्रकार म्हणजे कागदावर हर्निया किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन दाखवून पैसे काढणं. यात पेशंट स्वतःच खोट्या क्लेमचा भागीदार होतो, आणि पुढे धुळ्या-जळगावात इमर्जन्सीत भरती झाल्यावर तिथल्या डॉक्टरला जठर कापलेलं आहे हेच कळत नाही. “मेडिक्लेममध्ये बसवून देतो” हे शब्द कानावर पडले की हॉलमधून उठावं.

पॅकेजचा आकडा तोंडी सांगतात. त्यात काय नाही, हे लेखी मागायचं: जास्तीची स्टेपलर कार्ट्रिज (जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या पिनांची), आयसीयू, सीटी स्कॅन, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं, आहारतज्ज्ञाची फी, पुढच्या रक्ततपासण्या. आणि एक ओळ तर हमखास लिहून घ्यायची: 30 दिवसांत जठराच्या शिवणीतून गळती, रक्तस्राव किंवा अडथळा झाला तर पुन्हा भरतीचा खर्च कोणाचा? या ओळीवर जो सही करत नाही, त्याच्या पॅकेजची किंमत खोटी समजावी. अर्धी रक्कम रोख आणि कच्ची पावती हा प्रकारही चालतो. पुढे तक्रार करायची वेळ आली की त्या अर्ध्या रकमेचा पुरावाच उरत नाही.

स्लीव्ह या ऑपरेशनमध्ये जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून कायमचा काढतात. “पुढे वाटलं तर पूर्ववत करता येतं” असं स्लीव्हबद्दल कोणी सांगत असेल तर ते साफ खोटं आहे. कापणं आणि शिवणं एकाच वेळी करतो तो स्टेपलर. एका स्लीव्हला साधारण पाच-सहा कार्ट्रिज लागतात. जठर मोठं किंवा जाड असेल तर एखादं जास्त. कार्ट्रिज एकदा फायर झालं की संपलं. कार्ट्रिज बसवायची गन मात्र एकाच पेशंटसाठी बनलेली असूनही धुऊन पुन्हा वापरतात आणि प्रत्येकाच्या बिलात नवी लावतात. वापरून थकलेल्या गनची पिन नीट मिटत नाही, आणि जिथे पिन मिटत नाही तिथून रक्त येतं किंवा गळतं. यावर साधा उपाय आहे. प्रत्येक गनच्या आणि कार्ट्रिजच्या खोक्यावर लॉट नंबर आणि मुदतीचं स्टिकर असतं, ते केसपेपरवर चिकटवायला लावायचं. ऑपरेशनच्या आधी सांगायचं, नंतर नाही. बिलात आठ आणि केसपेपरवर पाच स्टिकर असतील तर तीन कुठे गेली, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.

संमतीपत्र मराठीत मागावं. त्यावर ऑपरेशनचं नेमकं नाव (स्लीव्ह, की जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणारा रू-एन-वाय किंवा मिनी बायपास) आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं नाव हवं. फ्लेक्सवरचा चेहरा आणि टेबलावरचे हात वेगळे निघतात, म्हणून हे. एका शस्त्रक्रियेची संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तीव्र ॲसिडिटी आणि घशाशी येण्याचा जुना त्रास असेल तर स्लीव्हने तो बहुधा वाढतो, अशांना बायपास जास्त योग्य ठरतो. हे कळण्यासाठी आधी एंडोस्कोपी लागते. शिबिरातून थेट ऑपरेशनची तारीख देणारा एंडोस्कोपी करत नाही, कारण त्यात तारीख लांबते आणि पेशंट हातचा जातो.

तारखेबद्दल आणखी एक. एप्रिल-मेमध्ये हे ऑपरेशन करून घेऊ नये. मुलांना सुट्टी असते म्हणून कोऑर्डिनेटर तीच तारीख गळ्यात मारतो. पहिल्या आठवड्यांत पेशंटला एका वेळी 30 मिलिलिटर पाणी, दर दहा-पंधरा मिनिटांनी, एवढंच जमतं. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असताना तेवढं पाणी पुरत नाही, आणि पेशंट पाणी कमी पडून पुन्हा भरती होतो.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो. परतीच्या प्रवासात दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं, कारण पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हे या ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. रक्त पातळ ठेवणारी एनोक्सापॅरिनची इंजेक्शनं घरी किती दिवस घ्यायची, हे कार्डावर लिहिलेलं हवं. बऱ्याच जणांना ती दोन ते चार आठवडे लागतात. पॅकेजमध्ये नसतात म्हणून ती कार्डावरूनही गळतात.

गळती बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत कळते, म्हणजे पेशंट घरी आल्यावर. स्लीव्हमध्ये ती वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या जवळ होते. पहिलं लक्षण पोटदुखी असेलच असं नाही. पहिलं लक्षण असतं नाडी. ताप नसतानाही, झोपून असतानाही नाडी 120 च्या वर राहते. मग डाव्या खांद्यात दुखणं, धाप, ताप, जिवाची घालमेल. व्हॉट्सॲपवर विचारलं की उत्तर येतं, “नॉर्मल आहे, पाणी पीत राहा.” गावातला डॉक्टर गॅस समजून पॅन्टोप्राझोल देतो. त्याची चूक म्हणता येत नाही, त्याला ऑपरेशनचा कागदच कोणी दाखवलेला नसतो. असे दोन-तीन दिवस गेले की पोटात पू होतो. नाडी 120 च्या वर टिकली तर त्याच दिवशी धुळे किंवा जळगाव गाठून तोंडातून आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन सीटी करून घ्यायचा. सीटी स्वच्छ आला तरी लक्षणं तशीच असतील तर सर्जनने पुन्हा पोटात पाहिलं पाहिजे. आणि बीपी पडलेल्या पेशंटला त्याच अवस्थेत मुंबईला न्यायचं नाही. आधी इथे सलाईन, अँटिबायोटिक आणि गरज असेल तर पू काढणारी नळी, मग पुढचा प्रवास. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने इथल्या सर्जनशी स्वतः बोलायला हवं, कोऑर्डिनेटरने नाही.

उलट्यांचं प्रकरण वेगळं आहे, आणि त्याबद्दल फार कमी जणांना ठाऊक असतं. ऑपरेशननंतर आठवडाभर किंवा जास्त दिवस उलट्या चालू राहिल्या तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-1, संपत जातं. अशक्तपणा आला म्हणून आपल्याकडे पहिलं काय करतात? सलाईन. बाटली ग्लुकोजची असेल तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं: उलट्या असतील तर ग्लुकोज सलाईनच्या आधी थायमिन शिरेतून. डोस डॉक्टर ठरवतील, 200 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा ही नेहमीची सुरुवात आहे. इंजेक्शन स्वस्त असतं, कदाचित म्हणूनच कोणी त्याची जाहिरात करत नाही.

जाहिरात असते ती डब्यावर हॉस्पिटलचं नाव असलेल्या प्रोटीन पावडरीची. डबा उलटा करून 100 ग्रॅममागे प्रथिनं किती, ते वाचायचं. 30-35 ग्रॅम असतील तर उरलेली बहुतेक साखर-पिठूळ भर आहे. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. एक लिटर दुधात सुमारे 32, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18, अंड्यात 6. रावेरचं केळं कितीही गोड असलं तरी त्यात जेमतेम एक ग्रॅम असतं, तेव्हा केळ्याच्या शेकला प्रोटीन शेक म्हणू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे आणि आमरस ताटात येतो. बायपासवाल्याला त्यानंतर घाम, धडधड आणि जुलाब होतात. स्लीव्हवाल्याला बहुधा काहीच होत नाही आणि तेच घातक, कारण रस सरळ खाली उतरतो आणि वजन परत चढायला लागतं.

गोळ्यांची यादी पॅकेजमध्ये मल्टिव्हिटॅमिनच्या एका पट्टीवर आटोपतात. लागतं ते असं: पाळी चालू असलेल्या बाईला रोज 45 ते 60 मिलिग्रॅम लोह; कॅल्शियम सायट्रेट 1200 ते 1500 मिलिग्रॅम, दोन-तीन हप्त्यांत, लोहापासून दोन तास लांब; डी-3 आणि बी-12. मेडिकलवाला कॅल्शियम कार्बोनेट देतो, ते पचायला आम्ल लागतं आणि आम्ल तर कमी झालेलं असतं. झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडे होतात, म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन डिस्चार्जच्या दिवशीच कमी करून लिहून घ्यायचं, जुनाच डोस चालू ठेवला तर साखर एकदम खाली जाते. गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक बायपासनंतर बंद, तंबाखू आणि मशेरीही बंद. दोन्हींनी जोडावर अल्सर होतो आणि तो फुटतो.

“बिना ऑपरेशन” म्हणून जठरात ठेवायचा फुगा विकतात. 400 ते 700 मिलिलिटर सलाईन आणि निळा रंग भरलेला नेहमीचा फुगा सहा महिन्यांत काढावाच लागतो. काढण्याचा खर्च आधीच्या पैशांत आहे का, ते घालण्यापूर्वी विचारायचं. लघवी निळी-हिरवी झाली तर फुगा फुटलेला असतो. तो आतड्यात अडकण्याआधी, त्याच दिवशी हॉस्पिटल.

फोन उचलणं बंद झालं तर पहिलं काम कागद मिळवायचं. लेखी मागणी केल्यापासून 72 तासांत केसपेपरच्या प्रती देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. त्यात ऑपरेशन नोट हवीच. ऑपरेशन सुरतला किंवा इंदूरला झालं असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. डॉक्टरच्या नोंदणीविरुद्धची तक्रार मात्र तो जिथे नोंदलेला आहे त्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे जाते.

एक त्रास या दोन वर्षांच्याही पुढे येतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, जुनी शुगर आहे, नसा गेल्या. तेव्हा बी-12 तपासून घ्यायचं. कमी निघालं तर ते इंजेक्शनाने भरून काढता येतं, पण फार उशीर झाला तर नसा पूर्ण सुधारत नाहीत. ऑपरेशन नोटची झेरॉक्स रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायची, आणि दरवर्षी एकाच महिन्यात, पोळ्याच्या आसपास म्हणा, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, डी-3, कॅल्शियम आणि पीटीएच या तपासण्या जवळच्याच लॅबमध्ये करायच्या. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही.