पोकर: रिव्हरवर मोठी बेट, कॉल की फोल्ड?

पॉटमध्ये (मधल्या जमा रकमेत) 100, समोरच्याने रिव्हरवर, म्हणजे टेबलावरचा पाचवा आणि शेवटचा पत्ता उघडल्यावर, 150 लावलेत. तुमच्या हातात राजा आणि राणी, टेबलावरही एक राजा, म्हणजे राजाची जोडी, आणि टायमर पळतोय.

आधी पैशाचं बघू. कॉल म्हणजे समोरच्याएवढेच पैसे लावणं, इथे 250 जिंकायला 150 घालणं. बरोबरी 37.5 टक्क्यांवर होते, म्हणजे दहापैकी चारदा जिंकलात तरी कॉल परवडतो. फोल्डला, म्हणजे पत्ते टाकून देण्याला, इथून पुढे खर्च शून्य. आधी घातलेले पैसे आता पॉटचे, त्यांच्यावर जीव टाकण्यात अर्थ नाही.

आता पत्ते. खरी गंमत इथेच आहे. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) इस्पिकचा राजा आणि इस्पिकची नव्वी आली, पुढे एकही इस्पिक पडलं नाही. म्हणजे समोरच्याकडे फसलेले फ्लश ड्रॉ असू शकतात: हातात दोन इस्पिकं, पण पाच इस्पिकं जमलीच नाहीत, म्हणून आता ब्लफ, म्हणजे खोटा जोर. तुमच्या हातात इस्पिक नसेल तर कॉलला बळ मिळतं. हातातली राणी इस्पिकची असेल तर ती समोरच्याकडे नसते, म्हणून तेच ब्लफ कमी होतात, मग फोल्ड बरा. बरेच जण हे उलटं वाचतात.

अंदाज चुकला तर? चुकीचा कॉल लगेच दिसतो, चुकीचा फोल्ड कधीच कळत नाही. पण या बेटवर 60 टक्क्यांहून जास्त वेळा सोडून दिलंत, तर समोरच्याला कोणत्याही पत्त्यांवर ब्लफ परवडतो.

छोट्या स्टेक्सवर (छोट्या रकमांच्या खेळात), एरवी गप्प असणारा अचानक एवढं लावत असेल तर फोल्ड. माझ्या मते तिथे ब्लफ फार कमी असतात. फ्लॉपपासून सतत दामटणारा आक्रमक खेळाडू असेल आणि हातात इस्पिक नसेल, तर कॉल.