तळणीचे उरलेले तेल नेणारी सेवा : आठ महिन्यांचा अनुभव

दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणीला लागणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवावी आणि उरलेले तेल अधिकृत संस्थेलाच द्यावे, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. आमच्या फरसाणाच्या कारखान्यालाही तो लागू असल्याने गेले आठ महिने आम्ही हे तेल बायोडिझेल बनवणाऱ्या एका कंपनीला देतो. पूर्वी ते कोणीही डब्यावर भाव करून नेई आणि पुन्हा कुणाच्या कढईत पडे, हे विचारण्याची कोणाची इच्छा नसे.

गाडी ठरल्या दिवशी येते, पावती मिळते, पैसे खात्यात जमा होतात. तक्रार आहे ती कपातीची. पाणी आणि साका यांपोटी वजनातून किती टक्के वजा करायचे, हे गाडीवरचा माणूस नुसत्या नजरेने ठरवत असे. आम्ही हरकत घेतल्यावर कंपनीने प्रकल्प पाहायला बोलावले, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

बायोडिझेलच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कच्चा माल म्हणून लागणाऱ्या खाद्यतेलाचाच असतो, म्हणून टाकाऊ तेल त्यांना परवडते. तेथे तेलात मिथेनॉल हे अल्कोहोल आणि थोडी अल्कली मिसळून बायोडिझेल बनवतात. परंतु वारंवार तापलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले (तेलाच्या रेणूंपासून सुटी झालेली आम्ले) वाढलेली असतात आणि ती अल्कलीशी संयोग पावली की डिझेलऐवजी साबण तयार होतो. ते टाळण्यासाठी आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. जास्तीचे मिथेनॉल सुमारे ६५ अंशांना उकळते, त्यामुळे ते ऊर्ध्वपातनाने परत मिळवून पुढच्या घाण्यात वापरतात. शंभर किलो तेलामागे सुमारे दहा किलो ग्लिसरीन तळाशी बसते. शुद्ध केले तर ते औषधांना आणि सौंदर्यप्रसाधनांना चालते; येथे मात्र ते काळपट, साबणमिश्रित अवस्थेतच स्वस्तात विकले जाते. माझ्या मते कंपनीची खरी बचत या ग्लिसरीनच्या पिंपांतच अडकली आहे, आणि ती सुटली तर आम्हाला चार पैसे अधिक देणे त्यांना जड जाणार नाही.

प्रकल्प पाहून आल्यापासून आम्ही तेल कापडातून गाळून रात्रभर निवळू देतो. कपात निम्म्यावर आली. तरीही ओलावा मोजण्याचे साधन गाडीवर असायलाच हवे, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. थोडे तेल असेल तर गाडी थांबत नाही, त्यामुळे शेजारच्या वडापाववाल्याचा डबा सध्या आमच्याच दारात, त्याचे नाव लिहून, वेगळा ठेवलेला असतो.